अँटिमनी हा धातू आहे का, आणि तो कशाला वापरतात?

पूर्ण धातू नाही, उपधातू, म्हणजे धातू आणि अधातू यांच्या मधला. अणुक्रमांक 51, चिन्ह Sb, कारण लॅटिन नाव स्टिबियम. दिसतो चांदीसारखा, पण हातोडी मारली की भुगा! वितळतो साधारण 631 अंश सेल्सिअसला.

एकटा फारसा कामाचा नाही. शिशात मिसळला की ते कडक होतं. जुन्या छापखान्यांतले खिळे (अक्षरांचे ठसे) शिसं, कथील आणि अँटिमनीचे असत. अँटिमनीमुळे थंड होताना मिश्रधातू फार आकसत नाही, म्हणून अक्षराच्या कडा रेखीव यायच्या. आज शिसे-आम्ल बॅटरीच्या जाळ्यांत तो असतो आणि त्याचं ऑक्साइड प्लास्टिक, कापड लवकर पेटू नये म्हणून घालतात.

सुरमा मुळात याचंच सल्फाइड. बाजारातल्या सुरम्यात मात्र बरेचदा शिसं निघतं, त्यामुळे लहान मुलांच्या डोळ्यांत तो घालू नका.