स्टँडवरच्या बाईसाठी कोर्टाची ऑर्डर कशाला?

प्रश्न : एस.टी. स्टँडसमोर आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. चाळिशीतली एक बाई पंधरा दिवसांपासून शेडखाली पडून असते. एकटीच बडबडते. पायाच्या जखमेवर दुधाची पिशवी बांधलीय, वास येतो. पोलीस म्हणतात, "नातेवाईक आणा, नाहीतर कोर्टाची ऑर्डर." मी दवाखान्यात नेलं तर सगळं माझ्या गळ्यात पडेल का?

उत्तर : आधी पायाचं बघा. पोलिसांची वाट न पाहता 108 ला फोन करा. 'वेडी आहे, इथे सोय नाही' म्हणून जखम बघायचं टाळता येत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 21 नुसार रुग्णवाहिका आणि तातडीची सेवा तिलाही इतरांसारखीच मिळायला हवी. सरकारी ठिकाणी बेघराचे मानसिक उपचारही मोफत असतात, त्यासाठी पिवळं कार्ड लागत नाही. केसपेपरवर तुमच्या नावापुढे 'नातेवाईक' लिहू देऊ नका. आणून सोडलं म्हणून कोणी पालक होत नाही.

आता ऑर्डरचं. ही 1987 च्या जुन्या कायद्याची सवय, अजून सुटलेली नाही. नव्या कायद्याच्या कलम 100 प्रमाणे, हद्दीत भटकणारी व्यक्ती मनोरुग्ण असून स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असं दिसलं, तर तिला संरक्षणात घेणं हे ठाण्याच्या प्रमुखाचं कर्तव्यच आहे. नातेवाईक नकोत, ऑर्डर नको. 24 तासांच्या आत तिला जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी न्यायचं. लॉकअपमध्ये एक मिनिटही ठेवायचं नाही.

मेख अशी की हे 24 तास पोलिसांनी ताब्यात घेतल्यापासून मोजतात. त्यांनी घेतलंच नाही तर घड्याळ सुरूच होत नाही. म्हणून तोंडी सांगून परत येऊ नका. एका पानाचा अर्ज लिहा : ती कुठे आहे, कधीपासून, जखम कशी, खाते का. कलम 100 लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-वेळेसह पोच घ्या. झेरॉक्स तर घरचीच! शिक्का द्यायला नकार आला, तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पाठवा. तिथला वकील तिला फुकट मिळतो; फोन 15100.

कुणी 'गाडीत घालून पुढच्या गावी सोडू' म्हणेल, त्याला अडवा. असे प्रकार होतात.

बेपत्ता व्यक्ती म्हणून एफआयआर नोंदवून घरचे शोधणं हेही पोलिसांचंच काम आहे. ती बडबडताना एखाद्या गावाचं किंवा माणसाचं नाव परत परत येत असेल, तर जसं ऐकू येतं तसंच अर्जात लिहा. दुरुस्त करू नका.