दोघांतला एकच का निवडायचा?

गेल्या महिन्यात या सदरात हॉलिवूडचा दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिच याचा १९३३ सालचा ‘डिझाइन फॉर लिव्हिंग’ जरूर बघा, असं लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली काही चांगलीच तावातावानं लिहिलेली. ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. पॅरिसला जाणाऱ्या आगगाडीत गिल्डाला दोन अमेरिकन तरुण भेटतात. जॉर्ज चित्रकार आणि टॉम नाटककार. दोघं जिवलग मित्र, एकाच पोटमाळ्यावर राहणारे, खिसे रिकामे. दोघंही तिच्या प्रेमात पडतात आणि तीही दोघांच्या. मग तिघं मिळून ठरवतात की एकत्र राहायचं, काम करायचं आणि शरीरसंबंध ठेवायचा नाही. हा करार मोडतो, मैत्री फाटते, गिल्डा जाहिरात कंपनीतल्या मॅक्स प्लंकेटशी लग्न करून न्यूयॉर्कला जाते. शेवटी टॉम आणि जॉर्ज तिथे येऊन थडकतात आणि ती त्यांच्याबरोबर निघते. टॅक्सीत तिघंही बसलेले, तोच करार पुन्हा झालेला. सिनेमा संपतो.

प्रश्न : आम्ही चार मैत्रिणींनी मिळून सिनेमा पाहिला आणि रात्री उशिरापर्यंत भांडलो. माझं म्हणणं, गिल्डाचं खरं प्रेम टॉमवर आहे. दुसरीला जॉर्ज वाटतो. तिसरी म्हणाली, तिचं कोणावरच प्रेम नाही, तिला फक्त आपल्याभोवती दोन पुरुष घोटाळलेले आवडतात. असल्या बाईला नायिका कसं म्हणायचं? तुम्हाला काय वाटतं? — एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, तुमच्या तिसऱ्या मैत्रिणीपासून सुरुवात करते, कारण तिचा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे.

गिल्डा त्या दोघांसमोर आपली अडचण मांडते तो प्रसंग आठवा. ती म्हणते, माझ्या बाबतीत जे घडलंय ते एरवी पुरुषांच्या बाबतीत घडतं. पुरुषाला दोन, तीन, चार बायका भेटतात, सगळ्या आवडतात, मग तो एकेक वगळत निवड करतो आणि कोणी त्याला नावं ठेवत नाही. बाईनं मात्र केवळ अंदाजानं एकाला हो म्हणायचं. टोपी विकत घेताना तिला हव्या तेवढ्या घालून बघायची मुभा असते, नवऱ्याच्या बाबतीत ती नाही. हे सगळं ती पुरुषांना गोंजारत, लाजत बोलत नाही. दोघांच्या तोंडावर, एकाच वेळी बोलते. मग यातली कोणती टोपी हवी, असं विचारल्यावर सरळ सांगते की दोन्ही. दोघांना खेळवणारी बाई एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू देत नाही. गिल्डा पहिल्यांदा खरं बोलते आणि मग पुढचं ठरवते. मला ती नायिका वाटते ती इथे.

आता टॉम की जॉर्ज. हा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे, आपण तिकोनाच्या गोष्टी त्याच हिशेबानं बघत आलो आहोत. पण लुबिचनं दोघांना किती तोलून दिलंय बघा. टॉम लंडनला गेला की जॉर्ज आणि गिल्डा जवळ येतात. जॉर्ज चित्राच्या कामासाठी बाहेरगावी गेला की टॉम परत येतो आणि टॉम आणि गिल्डा जवळ येतात. एकाला दिलं ते दुसऱ्यालाही दिलं आहे, अपमानसुद्धा. तरीही तुमचं मन टॉमकडे झुकलं याचं कारण मला ठाऊक आहे : टाइपरायटर. टॉमनं मागे ठेवलेलं ते जुनं यंत्र. तो परत येतो, ते समोर दिसतं, तो तपासतो. तेलपाणी केलेलं नाही, बटणं गंजलीत, शिफ्टची कळ मोडलीय. त्याच्या स्वरात तक्रार असते. आणि गिल्डा म्हणते, पण घंटा अजून वाजते! तेवढ्या एका वाक्यात ती आपलं मन मोकळं करते आणि प्रेम हा शब्दही उच्चारत नाही. मिरियम हॉपकिन्सचा चेहरा त्या क्षणी कसा उजळतो तेवढ्यासाठी मी हा सिनेमा पुन्हा पुन्हा लावते.

पण त्या प्रसंगावरून निकाल देऊ नका. जॉर्जच्या वाट्याला जो क्षण आलाय तोही तितकाच खोल आहे. सकाळी तो घरी येतो, न्याहारी चाललेली, आणि टॉमच्या अंगावर रात्रीच्या मेजवानीचा काळा सूट. कोणी काही कबूल करण्याआधी तो कपडाच सांगून टाकतो. गॅरी कूपर तिथे आधी आनंदानं मित्राला भेटतो आणि मग हळूहळू त्याच्या ध्यानात येतं. पुष्कळ जण म्हणतात की कूपर अशा खुसखुशीत संवादांच्या सिनेमात शोभत नाही. मला उलट वाटतं. एवढ्या उंचापुऱ्या माणसाला लहान मुलासारखं दुखावलेलं बघताना पोटात तुटतं.

आणि एक गोष्ट तुमच्या भांडणात निसटलेली दिसते, ती म्हणजे काम. गिल्डा पोटासाठी जाहिरातींची चित्रं काढते, सुरकुत्या न पडणाऱ्या अंतर्वस्त्रांतला नेपोलियन वगैरे. ती त्या दोघांची समीक्षक होते. जॉर्जच्या चित्रातल्या सायकलवरच्या लेडी गोडायव्हाला (दंतकथेतली, विवस्त्र होऊन घोड्यावरून गेलेली इंग्रज उमरावीण) ती झोडपते, टॉमच्या लिखाणातला फापटपसारा दाखवते, आणि त्याचं नाटक निर्मात्याच्या गळी उतरवते तीही तीच. दोघं मोठे होतात ते तिच्या या शिस्तीमुळे. ‘हिला दोन पुरुष घोटाळलेले आवडतात’ असं म्हणणाऱ्या मैत्रिणीला हे प्रसंग पुन्हा दाखवा. नुसतं कौतुक हवं असतं तर ती मॅक्सच्या घरात सुखी झाली असती.

प्रश्न : नोएल कॉवर्डचं मूळ नाटक मी इंग्रजीच्या अभ्यासासाठी वाचलं आहे. सिनेमात त्यातलं जवळजवळ काहीच शिल्लक नाही. मग ते नाव कशाला लावलं? — एक प्राध्यापक, नागपूर

उत्तर : तुमचं निरीक्षण बरोबर आहे सर. पटकथाकार बेन हेक्टनं पात्रांची नावं बदलली, धंदे थोडे बदलले आणि संवाद तर जवळपास सगळे नव्यानं लिहिले. कॉवर्डचे ऑटो आणि लिओ इथे जॉर्ज आणि टॉम होतात, कलावस्तूंचा व्यापारी अर्नेस्ट जाहिरातवाला मॅक्स होतो.

पण नाटक ज्या तिघांसाठी लिहिलं गेलं ते आठवा. आल्फ्रेड लंट आणि लिन फॉन्टॅन हे रंगभूमीवरचे नवराबायको आणि त्यांचा मित्र, स्वतः नट असलेला कॉवर्ड. तिघंही नावारूपाला आले की एकत्र नाटक करायचं, असं त्यांचं फार आधीपासून ठरलेलं होतं. जानेवारी १९३३ मध्ये न्यूयॉर्कला ते रंगमंचावर आलं. प्रेक्षक समोर तीन घट्ट मित्रांना बघत होते, ती ऊब संहितेत आपोआप आली होती. सिनेमातल्या नटांजवळ ते भांडवल नव्हतं, म्हणून लुबिचला मैत्री मुळापासून उभी करावी लागली. गाडीतली सुरुवातीची मिनिटं बघा. कोणी बोलत नाही. दोघं पुरुष झोपलेत, गिल्डा समोर बसून त्यांची रेखाटनं काढते, मग तिलाही डुलकी लागते. ते जागे होतात, वही बघतात. मग फ्रेंचमधून संभाषण सुरू होतं, तिघंही अडखळत, आणि अस्सल अमेरिकन बोली निसटते तेव्हा कळतं की सगळे एकाच गावचे. नाटकात याची गरजच नव्हती.

एक गोष्ट मात्र सिनेमानं गमावली, हे मी मान्य करते. नाटकात त्या दोन पुरुषांचं एकमेकांवरचं प्रेमही मैत्रीच्या पलीकडे जातं, तिसरी बाजूही जिवंत आहे. सिनेमात ती दोस्तीपुरती राहते. तुमच्या विद्यार्थ्यांना दोन्ही शेजारी ठेवून शिकवा, चर्चा रंगेल.

प्रश्न : १९३३ साली अशा विषयाला सेन्सॉरनं परवानगी दिलीच कशी? — एक वाचक, मडगाव

उत्तर : हॉलिवूडची आचारसंहिता १९३० मध्येच तयार झाली होती, पण ती काटेकोरपणे लागू झाली जुलै १९३४ पासून, जोसेफ ब्रीनच्या हाती कारभार आल्यावर. हा सिनेमा त्या मधल्या फटीत निघाला. पुढे तो पुन्हा प्रदर्शित करायचा म्हटलं तर प्रमाणपत्र नाकारलं गेलं. लंडनच्या रंगमंचावर मूळ नाटकही १९३९ पर्यंत येऊ शकलं नव्हतं.

प्रश्न : स्पष्ट लिहिते. नवऱ्याला सोडून दोन मित्रांबरोबर निघून जाणं तुम्हाला विनोदी वाटतं? मॅक्सचा काय दोष? माझ्या घरात असं घडलं असतं तर मी हसले नसते. — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मॅक्सला दुःख होतं आणि ते खोटं नाही. एडवर्ड एव्हरेट हॉर्टननं त्याला खलनायक होऊ दिलेलं नाही, तो नेमस्त, नीटनेटका माणूस आहे. अनीतीत मजा असेल, पण शंभर टक्के सदाचार आणि तीन वेळचं पोटभर जेवण यांची जागा घेण्याइतकी नाही, असं तो मनापासून बजावतो. तेच वाक्य टॉम उचलून आपल्या नाटकात घालतो आणि थिएटर हसतं. तो हशा मला नेहमी जरा टोचतो.

तरीही ते लग्न कसं झालं तेही बघायला हवं. दोघा मित्रांचं तिच्यापायी फाटलं, त्या ओझ्यानं ती पळून मॅक्सकडे गेली. त्यांच्या पहिल्या रात्रीविषयी लुबिच एक शब्द सांगत नाही. टॉम आणि जॉर्जकडून आलेल्या ट्यूलिपच्या कुंड्या दाखवतो, आणि खोलीतून बाहेर आलेला मॅक्स कुंडीला लाथ घालतो. एवढ्यावर आपल्याला सगळं समजतं. तिच्यावर त्या घरात जबाबदारी काय, तर नवऱ्याच्या गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं. सिमेंटचा व्यापार करणाऱ्या एका बड्या गिऱ्हाइकासाठी पार्टी असते, तिथे ती गुदमरलेली दिसते. लग्न टिकवायला हवं होतं, असं तुमचं मत असेल तर मी त्याचा आदर करते. माझं मत असं की ते लग्न करायलाच नको होतं, आणि मॅक्सला वेळेवर खरं सांगितलं गेलं नाही हा गिल्डाचा दोष आहे. दोघा मित्रांना जे खरं तिनं तोंडावर सांगितलं तेच मॅक्सलाही आधी सांगायला हवं होतं.

प्रश्न : ताई, मी कॉलेजात शिकतो. दोन मुली आणि एक मुलगा अशा तिघांच्या नात्यावर हलकीफुलकी एकांकिका लिहायची आहे. पण शेवट सुचत नाही. एकतर कोणाला तरी मारावं लागतं, नाहीतर अमेरिकेला पाठवावं लागतं. काय करू? — पुणे

उत्तर : अरे, ही अडचण तुझ्या एकट्याची नाही. ‘संगम’ (१९६४) आठव. राधा कोणाची हे दोन मित्र आपसातच ठरवत राहतात, आणि सुटका म्हणून गोपाळ स्वतःवर गोळी झाडतो. आपल्या तिकोनात तिसऱ्याला जागा रिकामी करून द्यावी लागते, कारण लेखकानं सुरुवातीपासूनच एकाला योग्य आणि एकाला अडचण मानलेलं असतं. म्हणून शेवटाकडे बघू नकोस, पहिली पंधरा मिनिटं दुरुस्त कर. तिघांनाही सारखं वजन दे. प्रत्येक जोडीत स्वतंत्र काहीतरी असू दे, त्या दोन मुलींतसुद्धा. त्या नुसत्या एकमेकींच्या सवती म्हणून लिहिल्यास तर शेवट तुला सापडणारच नाही.

दुसरं, तिघांना मिळून करायला काहीतरी दे. खोली भाड्यानं घेतली आहे तर भाडं कोण भरतं, गॅस संपला की सिलिंडर कोण आणतं, घरमालकाला काय सांगितलंय, हे लिही. पॅरिसच्या त्या पोटमाळ्यावर दिवाणावर बसलं की धुळीचा लोट उठतो. त्या धुळीमुळे मला तिघांच्या गरिबीवर आणि दोस्तीवर विश्वास बसतो. त्याच दिवाणावर पुढे गिल्डा अंग टाकते आणि म्हणते, आपला सभ्य गृहस्थांचा करार होता खरा, पण दुर्दैवानं मी गृहस्थ नाही. विनोद, वासना, करार मोडल्याची कबुली, सगळं एका वाक्यात, आणि जागा आपल्या ओळखीची.

तिसरं, तिघांचं पुढे काय झालं याची हमी देऊ नकोस. टॅक्सीतला तो करार टिकणार नाही हे तिघांनाही माहीत आहे आणि आपल्यालाही. लुबिच त्यांना सुखाचा दाखला देत नाही, फक्त ते एकत्र निघाले एवढंच दाखवतो. विनोदी गोष्टीला तेवढं पुरतं. मत्सर मात्र वगळू नकोस. तिघांच्या नात्यात तो असतो, आणि तो दाबून लिहिलं तर पात्रं कागदी होतात.

सतरा-अठरा पानांच्या पुढे जाऊ नकोस, एकांकिका स्पर्धेत वेळेचं बंधन असतं. पहिला प्रवेश झाला की या सदराच्या पत्त्यावर पाठव. वाचून सविस्तर कळवते.