सातव्या महिन्यात परदेशी जावं की बाळंतपण उरकून?

तुम्ही विचारलंय, सातवा लागतोय, मागच्या खेपेला बीपी वाढलं होतं, तर आत्ता निघू की बाळंतपणानंतर महिन्याभराने? मी सातव्यातच आले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

बीपी आत्ता 140/90 च्या वर असेल, तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत निघूच नका. नसेल तर आत्ता या. नाहीतर बाळंतपणानंतर बारा आठवडे थांबा. महिन्याभराने निघणं मला सगळ्यात जोखमीचं वाटतं.

कारण सांगते. बाळंतपणात फार रक्त जाऊ नये म्हणून या काळात रक्त लवकर गोठतं. त्यात बीपी सगळ्यात वर चढतं ते प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी, म्हणजे घरी सोडल्यावर. स्ट्रोक, म्हणजे मेंदूत गुठळी अडकणं किंवा रक्तस्राव होणं, तसा दुर्मीळ, लाख गर्भारपणांत सुमारे 30. पण त्याचा धोका प्रसूतीच्या वेळी आणि पुढचे सहा आठवडे सर्वाधिक असतो. गुठळीची थोडी भीती बारा आठवड्यांपर्यंत राहते.

पाचव्या दिवशी माझं डोकं ठणकायला लागलं. जागरणाने असेल म्हणून गोळी घेऊन पडले. संध्याकाळी डोळ्यांपुढे ठिपके नाचू लागले, बाळाच्या झबल्याचा बंद बांधता येईना. नवऱ्याने बीपी मोजलं: 172/114. मदतीच्या नंबरवर फोन लावला, तर तिथल्या बाई म्हणाल्या, विश्रांती घ्या. ‘पाच दिवसांपूर्वी बाळंत झालीय’ म्हटल्यावर त्यांचा सूरच बदलला आणि अँब्युलन्स आली. 160/110 च्या वर गेलेलं बीपी तासाभरात उतरवायला हवं, हे मला तिथे कळलं.

तेव्हा ‘इतक्या दिवसांपूर्वी बाळंत झालीय’ हे एक वाक्य तिथल्या भाषेत दोघांनी पाठ करा. दंडावर बांधायचं बीपीचं यंत्र सोबत घ्या, पहिले दहा दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोबडी वळणं, एकाएकी असह्य डोकेदुखी, फिट (आकडी) येणं: लगेच अँब्युलन्स. त्रास किती वाजता सुरू झाला तेही सांगा, गुठळी विरघळवण्याचं औषध सहसा साडेचार तासांच्या आतच देतात.

मागच्या खेपेची फाइल हातातल्या बॅगेत ठेवा. ॲस्पिरिन चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका. विमानात मधूनमधून चाला. बऱ्याच कंपन्या 28 आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात.

आणि नवऱ्याची रजा प्रसूतीआधी संपवू नका. ती नंतरच्या दोन आठवड्यांसाठी राखून ठेवा.