वाचकांचे प्रश्न : उसाची डबल ट्रॉली कोणत्या रस्त्याने न्यावी?

प्रश्न : शेत संकेश्वरजवळ आहे, ऊस निपाणीकडच्या कारखान्याला जातो. 50 एचपीचा ट्रॅक्टर, चारचाकी दोन ट्रॉल्या, मिळून 20 टनांच्या आसपास माल. ट्रॉल्यांना ब्रेक नाहीत. ड्रायव्हर म्हणतो, महामार्गाने तवंदी घाट उतरू, वळसा घालायला डिझेल परवडत नाही. काय करावं?
– एक शेतकरी, हुक्केरी तालुका

उत्तर : भरलेली डबल ट्रॉली घेऊन तवंदी घाट उतरू नका. हिशेब बघा. ट्रॅक्टर अडीच टनांचा, मागे ट्रॉल्यांचं वजन सोडून नुसता माल 20 टन. शंभर मीटरला पाच मीटर उतार धरला तरी तेवढा माल मागून एक टनाच्या जोराने ढकलतो. अडवायला ट्रॅक्टरची मागची दोन चाकं, बस्स. ड्रायव्हरने घाबरून ब्रेक दाबून धरला की ती चाकं घसरतात, ट्रॉली रेटतच राहते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. चारचाकी ट्रॉली आपलं वजन स्वतःच्या चाकांवर पेलते, त्यामुळे ट्रॅक्टरच्या चाकांना जादा पकडही मिळत नाही.

घाटानेच जायचं तर फडातूनच एकेक ट्रॉली काढा, तीही कमी भरून. माथ्यावर थांबून दोन्ही ब्रेक पेडल कडीने जोडा. एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर त्या बाजूला फिरतो. जो गिअर टाकून हाच चढ चढला असता, तोच टाकून उतरा. क्लच दाबायचा नाही, न्यूट्रल तर मुळीच नाही. मध्येच गिअर काढला की वेग वाढतो आणि गिअर परत पडत नाही. डिझेल वाचवायच्या नादात नेमकं हेच होतं.

घाट टाळून चिक्कोडीवरून वळसा घातला तर अंतर बरंच वाढतं आणि चढउतार तिकडेही आहेत. म्हणून आधी मोटारसायकलवरून रस्ता बघून या, रुंदी मोजायला सोबत टेप ठेवा. समोरासमोर दोन अवजड गाड्या प्रत्येकी अडीच मीटर रुंद धरल्या, तर साडेपाच मीटरच्या डांबरावर अर्धा मीटर उरतो. पावणेचार मीटरच्या एकेरी रस्त्यावर एकाला साईडपट्टीवर उतरावंच लागतं. ती काळ्या मातीची आणि ओली असेल तर भरलेली ट्रॉली कलते. कुठे थांबून वाट देता येईल, त्या जागा ड्रायव्हरला दाखवून ठेवा. अशा जागाच नसतील तर तो रस्ता डबल ट्रॉलीचा नाही.

महामार्गावर कितीही लांब वळायला लागलं तरी उलट्या दिशेने घुसू नका. थंडीत पहाटे धुकं असतं. मागच्या फळीबाहेर लोंबणारा ऊस दिवा आणि रिफ्लेक्टर झाकतो, मागून येणाऱ्या ट्रकला ट्रॉली दिसतच नाही. तेवढा ऊस कोयत्याने तोडून टाका, रिफ्लेक्टरची लाल पट्टी पुसून स्वच्छ करा. दोन ट्रॉल्यांमधल्या पिनेला खालून लॉक-पिन हवी, नुसती तार चालणार नाही. शिवाय सुरक्षेची साखळी लावा.

प्रश्न : पाणंदीतून डांबरी रस्त्याला लागताना मागची ट्रॉली दर वेळी मोरीच्या कठड्याला घासते. ड्रायव्हरची चूक आहे का?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ट्रॉलीची चाकं ट्रॅक्टरच्या चाकांच्या मागावरून जात नाहीत, वळणाच्या आतून कापत येतात, दुसरी ट्रॉली पहिलीपेक्षाही आत येते. ट्रॅक्टर मोरी ओलांडून सरळ पुढे जाऊ द्या, मग वळवा. पुढे तेवढी जागा नसेल तर दुसरी ट्रॉली डांबरी रस्त्याला लागल्यावरच जोडा. डबल जोडून मागे घेण्याच्या फंदात पडू नका, ती हवी तिकडे वळत नाही. वाटेत रेल्वे फाटक असेल तर त्याआधीच्या कमानीवर उंचीचा आकडा लिहिलेला असतो. भरलेल्या उसाची उंची जमिनीपासून मोजून त्याच्याशी ताडून बघा, वरच्या मोळ्या धरून.