द्राक्षाला डॉगरिज, मग पाइनला कुठला खुंट?

प्रश्न: आमची द्राक्षबाग आहे, त्यामुळं कलमावर हात बसलाय. आता बोन्सायचा नाद लागलाय. पाच सुयांचं कैल पाइन कुंडीत आहे पण एप्रिल आला की सुकायला लागतं. द्राक्षाच्या डॉगरिजसारखा दणकट खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम बांधतात ते खालचं झाड, पाइनला असतो का? नर्सरीतलं ख्रिसमस ट्री आणलंय, त्यावर कलम केलं तर चालेल का?
— एक बागायतदार, निफाड

उत्तर: आधी ते ख्रिसमस ट्री बाजूला ठेवा राव. आपल्याकडं या नावानं मिळतं ते बहुतेक वेळा अरॉकेरिया असतं, त्याचं कुळच वेगळं, कितीही सफाईनं काडी (वर जोडायची फांदी) बांधली तरी लागणार नाही. खऱ्या पाइनच्या सुया जुडीनं येतात, चीड पाइनला तीन, कैलला पाच, जपानी ब्लॅक पाइनला दोन.

पाइनमध्ये दोन मोठे गट आहेत. सुई आडवी कापून मायक्रोस्कोपखाली बघितली तर एका गटात मधे एकच शीर दिसते, दुसऱ्यात दोन. कैल एक शीरवालं, चीड आणि ब्लॅक पाइन दोनवाले. नुसत्या सुया मोजल्या तर फसाल, चिलगोजा पाइनला चीडसारख्या तीनच सुया पण गट कैलचा. त्याच जातीच्या रोपावर कलम सगळ्यात चांगलं लागतं, त्याखालोखाल त्याच गटात. गट ओलांडून होतच नाही असं नाही, जपानी व्हाइट पाइन सर्रास ब्लॅक पाइनच्या खुंटावर करतात, मुळं दणकट मिळतात म्हणून, पण मग खाली भेगाळ साल आणि वर गुळगुळीत असं दिसतं, त्यामुळं बोन्सायवाले जोड होईल तेवढा मुळाजवळ घेतात. आणि पाइनची एक खोड आहे, कलम लागतं, फुटतं, आपण खूश, आणि काही वर्षांनी जोडच नाकारला जाऊन झाड पिवळं पडतं. पहिल्या फुटीवर निकाल लावू नका.

डॉगरिजचं गणित इथं अर्धंच बसतं. खारं पाणी, पाण्याचा ताण हे खुंट मुळाशी झेलतो. पण कैल हिमालयात साधारण १८०० मीटरच्या वरचं झाड, नाशिक ६०० च्या आसपास, चाळीस डिग्रीचं ऊन सुयांवर पडणार तिथं खुंट काय करणार? माझं ऐकाल तर चीडवर चीड करा, तो हिमालयाच्या पायथ्याकडं ५०० मीटरपासून येतो, ऊन सोसतो.

वेळ द्राक्षाची ऑगस्ट-सप्टेंबर नको, डिसेंबर-जानेवारी धरा. काडी झोपलेली (वाढ थांबलेली) हवी आणि खुंट नुकता जागा होणारा, कुंडीतून अलगद काढून मुळांची टोकं पांढरी दिसतात का ते बघा. पाचर कलमासारखा खुंट वरून छाटू नका, त्या शेंड्याच्या सुयांवरच मुळं जगतात. बाजूनं व्हिनिअर करा, म्हणजे खुंटाच्या बाजूला काप घेऊन तिथं काडी बसवा, काडी बारीक असली तर एका बाजूची साल तरी जुळलीच पाहिजे, वर पिशवी, कुंडी सावलीत. जोड पक्का झाल्यावर शेंडा टप्प्याटप्प्यानं कमी करा. ब्लेडला डिंक चिकटतो, दर कापाला स्पिरिटनं पुसा.

कुंडीत काळी माती नको, मुरूम जास्त घ्या. मुळांवर पांढरी बुरशी दिसली की सवयीनं बुरशीनाशक ओताल, ते करू नका, पाइनला ती बहुतेक वेळा कामाचीच असते.