मुंबईच्या 'फोर्ट'मध्ये किल्ला खरंच बघायला मिळतो का?

तुम्ही विचारलंय की नाशिकहून एका दिवसासाठी येताय, सातवीतल्या मुलीला 'फोर्ट'मधला किल्ला दाखवायचाय, तर तिकीट कुठे मिळतं.

तिकीट नाही, कारण किल्लाच उरलेला नाही. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत शहराभोवतीचा तट पाडला. पण गिरगावातली माझी आजी शेवटपर्यंत 'कोटात जाऊन येते' असंच म्हणायची, आणि मी त्याच कोटात एकवीस वर्षं नोकरी केली. तेव्हा ऐका.

रविवारी सकाळी या. एरवी तिथे पाय ठेवायला जागा नसते. सीएसएमटीला उतरून बझारगेट स्ट्रीटला लागा (पाटीवर पेरीन नरिमन स्ट्रीट असेल). तटाला तीन दरवाजे होते, त्यातला उत्तरेचा हा बझार गेट. दक्षिणेला अपोलो, पश्चिमेला चर्चगेट. या गल्लीत माणेकजी सेठ अग्यारी आहे. आत फक्त पारशांना प्रवेश, पण दाराशी बैलाचं धड, माणसाचा दाढीवाला चेहरा आणि पंख असलेले राखणदार आहेत, ते रस्त्यावरून दिसतात. मुलगी तिथून हलणार नाही, वेळ हाताशी ठेवा.

पुढे हॉर्निमन सर्कल. तिथलं सेंट थॉमस कॅथीड्रल १७१८ चं. चर्चगेट स्टेशनला उतरून लोक चर्च शोधतात, ते हे. त्या चर्चकडे जाणारा दरवाजा आजच्या फ्लोरा फाउंटनजवळ होता. तट गेला, १८६४ मध्ये तिथे कारंजं आलं आणि दरवाजाचं नाव जाऊन बसलं पार पश्चिमेच्या स्टेशनाला.

आता माझा आवडता भाग. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि इकडे इंग्रजांची झोप उडाली. तटाबाहेर खंदक खणायचं ठरलं, त्यासाठी शहरातल्या व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये काढून दिले. मराठे मुंबईवर आलेच नाहीत, खंदक मात्र झाला आणि पुढे त्याच्या घाणीने लोक हैराण झाले. खंदकापलीकडे तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी जागा राखली होती. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल ही त्याच जागेची तुकडे होऊन उरलेली मैदानं. पोरं बॅट घेऊन धावताना दिसतील तिथे मुलीला हे सांगा. काळा घोड्याला गेलात तर के. दुभाष मार्गाचं जुनं नावही विचारून बघा: रॅम्पार्ट रो, म्हणजे तटाची आळी.

बॉम्बे कॅसल, म्हणजे तटाच्या आतली इंग्रजांची जुनी गढी, नौदलाच्या हद्दीत आहे, तिथे सर्वसामान्यांना सोडत नाहीत, उगाच रखवालदाराशी हुज्जत नको.

आणि हात लावून बघायला भिंतच हवी असेल तर परतताना सीएसएमटीमागे सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात जा. शहराच्या तटाला जोडून बांधलेल्या १७६९ च्या फोर्ट जॉर्जचा एक तुकडा तिथे शिल्लक आहे, काळ्या दगडाची जाड भिंत. शेजारून नातेवाईक जेवणाचे डबे घेऊन वॉर्डांकडे जात असतात, भिंतीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. ते हॉस्पिटल आहे, तेव्हा आधी दारावर विचारा आणि फोटो भिंतीचेच काढा.