सीपीआर दिल्यामुळे डोळ्याचा पडदा खराब होऊ शकतो का?

दादा, तुम्ही लिहिलंय की काकांना तुम्हीच सीपीआर दिला, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबत राहिलात, जीव वाचला, पण आता एका डोळ्याने धूसर दिसतंय आणि घरचे म्हणतात जोरात दाबल्यामुळेच झालं. होऊ शकतं, पण क्वचित, आणि त्यात तुमची चूक अजिबात नाही. हे आधी सांगतो कारण ह्याच विचाराने मी दोन महिने धड झोपलो नव्हतो.

आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं. आप्पा कापूस भरता भरता ट्रॅक्टरपाशीच कोसळले, १०८ ला फोन लावला आणि गाडी येईस्तोवर मी आणि चुलतभाऊ आळीपाळीने छाती दाबत राहिलो, दोन बरगड्या मोडल्या. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर नीट आले तर म्हणे, "माले तुन्हं तोंड दखात नही रे." माझे कान दिसत होते, कपाळ दिसत होतं, मधे नुसता राखाडी डाग. दवाखान्यात म्हणाले अशक्तपणा आहे, घरी आल्यावर आम्ही चष्म्याचा नंबर बदलून आणला आणि ह्यात वीस दिवस गेले, ते मला अजून लागतं.

मग धुळ्याला पडद्याच्या डॉक्टरांनी थेंब टाकून तपासलं, फोटो काढला. उजवा डोळा तोवर जरा सुधारला होता, त्याने स्क्रीनकडे बघत आप्पा म्हणाले, "हाई ते कपाशी फुटेल शे." खरंच तसंच होतं, डोळ्याच्या नसेच्या भोवती पांढरे पांढरे बोळे आणि मधून रक्ताच्या बारीक रेघा. डॉक्टर पण त्याला कापसाचे डागच म्हणतात. आजाराचं नाव पुर्चर रेटिनोपॅथी, ऑस्ट्रियाच्या पुर्चर नावाच्या डॉक्टरांनी १९१० मध्ये झाडावरून पडलेल्या माणसाच्या डोळ्यात हे पाहिलं होतं. छातीवर एकदम दाब आला की शिरांमधला दाब वर डोक्याकडे चढतो, पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते, काही तुंबतात, आणि तेवढ्या भागाला रक्त मिळत नाही. छाती दाबायची म्हणजे मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटीमीटर, मिनिटाला १०० ते १२० वेळा, हळू दाबून रक्त मेंदूपर्यंत पोचतच नाही. हे घरच्यांना सांगा.

पण काकांना हेच झालंय असं धरून बसू नका हो. हृदय बंद पडल्यावर पडद्याची मुख्य धमनी बंद होऊ शकते, मेंदूच्या मागच्या भागाला ऑक्सिजन कमी पडूनही नजर जाते आणि तेव्हा पडदा नॉर्मल दिसतो, किंवा जुन्या शुगरचं असू शकतं. म्हणून उद्याच पडद्याच्या डॉक्टरांकडे न्या, सीपीआर कधी दिला, किती वेळ दिला ते स्वतःहून सांगा, ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचं स्कॅन, करायला सांगतील. थेंबांमुळे काही तास अंधुक दिसतं, तर सोबत कुणीतरी पाहिजे. आणि डोळ्यात रक्त आहे म्हणून हृदयाच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या घरच्या घरी बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना आपसात बोलायला लावा.

पुर्चरवर नक्की गुण येईल असं औषध नाही, काही डॉक्टर स्टिरॉइड देतात पण फायदा सिद्ध नाही आणि शुगर वाढते, आप्पांना दिलं नाही. पांढरे डाग आपोआप विरले. तीन महिन्यांनी उजव्या डोळ्याने पेपर वाचायला लागले, डाव्यात मधला डाग थोडा राहिलाय, तरी यंदाची कपाशी त्यांनी स्वतः उभं राहून मोजून दिली.